अक्राणीची होळी आणि ह्यांची भाकरी

होळी करून आल्यापासून आळीतल्या बायका एकच विचारतात, "काय वं, तुन्हा म्हातारा नाचना हाई खरं शे का?" सात जणींना सात वेळा सांगून माझा घसा बसला. म्हणून आता लिहूनच ठेवते. मी दोन बुकं शिकलेली, तेवढ्यात बसेल तेवढं लिहीन. ज्यांना जायचं आहे त्यांनी वाटेचं आणि खाण्याचं नीट वाचावं. ज्यांना नुसतं हसायचं आहे त्यांना मी अडवत नाही.

आमचे हे मोजणी खात्यात होते. तीस वर्षं साखळी टाकून दुसऱ्यांची शेतं मोजली. पेन्शनीत निघाले तेव्हा मुलगा म्हणाला, "नाना, आता ओट्यावर बसा, माळ ओढा." सहा महिने ओढली. मणी मोजून झाले, मग घराचे वासे मोजले, मग ओट्यापासून विहिरीपर्यंतची पावलं. जाताना एकशे बारा भरली, येताना एकशे चौदा. हा दोन पावलांचा फरक कुठून आला म्हणून माणूस तीन दिवस जेवताना विचार करत होता. तेव्हाच मी ठरवलं, ह्यांना कुठंतरी न्यायला हवं, नाहीतर उद्या माझे केस मोजायला बसतील.

जायचं ठिकाण ठरलेलंच होतं. वेस्ता पावरा हा ह्यांचा साखळीवाला. साखळीचं दुसरं टोक धरून बावीस वर्षं ह्यांच्यासोबत अक्राणीचे डोंगर चढला. एकदा हिवतापात ह्यांना पाठीवर घेऊन अख्खा घाट उतरला होता. तो नसता उतरला तर मी आज पांढऱ्या कपाळानं बसले असते. दर साली त्याचा निरोप यायचा, साहेब, बाईंना घेऊन होळीला या. नोकरीत रजा मिळायची नाही, आणि रजा मिळाली की घरात कोणाचं तरी बाळंतपण असायचं. आधी माझी, मग सुनांची.

मुलगा म्हणाला, "माय, लढाई चालू शे. मोटरले तेल मिळत नही, आनि तुमले नाच देखाले जानं शे?"

मी म्हटलं, "लढाई काय मी लावेल शे का?"

तर निघालो. नंदुरबारहून प्रकाशाला मोटर जाते, पण सध्या ती कोळशावर चालते. मागे पिंप असतं, त्यात कोळसा धुमसतो. मागच्या बाकावर बसू नये, लुगडं काळं होतं. चढ आला की उतारू उतरून ढकलतात. म्हणजे बसण्याचं भाडं द्यायचं आणि वर ढकलायचं. सोबत दशम्या आणि दाण्याची चटणी घ्यावी, वाटेत चहाशिवाय काही नाही, आणि त्या चहालाही कोळशाचाच वास.

प्रकाशाला तापी लागली. पलीकडे जायला नाव आहे. ह्यांनी उखा नावाड्याला बाजूला घेतलं आणि म्हणाले, पलीकडे मग जाऊ, आधी आम्हाला वर ने आणि खाली आण, दुपारभर.

उखानं विचारलं, "कोठे उतरशात?"

"कुठंच नाही."

उखानं आमच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग टोपी काढली. हळू आवाजात म्हणाला, "राख कोनी शे, नाना?"

त्याचं चुकलं नाही. प्रकाशाला मधल्या डोहात जाणारी माणसं त्याच कामाला जातात. मी म्हटलं, "आजून कोनी नही, भाऊ. दोन्ही जिता शेतस, गाठोडामां दशम्या शेतस." तो इतका हसला की वल्हं हातातून सुटलं.

दुपारभर नुसते पाण्यावर फिरलो. कुठं पोचायचं नाही म्हणून घाई नाही. एका काठाला टरबुजांच्या वाड्या, दुसऱ्या काठाला म्हशी नाकापर्यंत पाण्यात. हे पहिल्यांदा अर्धा तास काही न मोजता बसले. मग म्हणाले, "पात्र इथं चारशे हात असेल." मी दशमी तोंडात घातली त्यांच्या.

रात्र शहाद्याला ओळखीच्या घरी काढली, दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं म्हसावद. तिथून डोंगर. घाटात गाडी जात नाही, तट्टू मिळतं. तट्टाच्या पाठीवर गोधडी घालून घ्या, नाहीतर माझ्यासारखे चार दिवस उभ्यानं जेवाल. पाणी भरून घ्यावं. मोहाची फुलं पडायला लागली होती, सगळ्या वाटेला गोडसर वास. दोन ठिकाणी मुक्काम नको म्हणून आम्ही एका दमात चढलो आणि दिवस मावळायच्या आत वेस्ताच्या पाड्यावर पोचलो. धडगाव तिथून तासाभरावर आहे.

वेस्ता दारात बसला होता. उठला नाही. एक पाय बांबूच्या कामट्यांत बांधलेला. माघात आंब्यावरून पडला. त्याची बायको रुमली पाणी घेऊन आली, पोरं गोळा झाली, आणि हे इतके खूश की विचारू नका. आत खांबाला एक पट्टा टांगलेला होता. कातड्याला मोठी घुंगरं, वाळलेले दुधी भोपळे. वाजवायची वस्तू म्हणून ह्यांनी तो काढला, कमरेला बांधला आणि पोरांसमोर दोन उड्या मारल्या.

पोरं हसली नाहीत. रुमलीनं तोंडावर हात ठेवला. वेस्ताचं तोंड उतरलं.

मग हळूहळू कळलं ते असं. वेस्ताच्या मुलाला लहानपणी ताप झाला होता, वाचायचा नव्हता, वाचला. वेस्ता देवाला नवस बोलला होता, सात होळ्या हा पट्टा बांधून नाचेन. सहा झाल्या, ही सातवी. त्याचे भाऊ स्वतःचे नवस बोललेले, त्यांना दुसऱ्याचं चालत नाही. मुलासाठीच नवस, म्हणून मुलालाही चालत नाही. वेस्ताच्या जागी कोण नाचणार ह्यावर चार दिवस बोलणी चालली होती. आणि हा पट्टा एकदा कमरेला बांधला की होळी पेटून नदीत अंघोळ होईपर्यंत सोडायचा नाही.

पाड्याचा पुजारा आला. म्हाताऱ्यानं ह्यांच्याभोवती एक फेरी मारली, बैल विकत घेताना मारतात तशी. नेम सांगितले: पाच दिवस खाटेवर निजायचं नाही. पायात काही नाही. अंघोळ नाही. बाईचा स्पर्श नाही, बाईच्या हातचं अन्न नाही, आपलं आपण रांधून खायचं. आणि होळीच्या दिवशी नाचायचं, होळी पेटली की तिला पाच फेरे. फेऱ्यात खाली बसला की सातवं वरीस गेलं, आणि आधीची सहाही.

वेस्ता म्हणाला, "साहेब, तुम्ही सोडा. तुम्हाला माहीत नव्हतं. मी देवाला सांगतो."

हे माझ्याकडे पाहू लागले. तीस वर्षं सरकारी कागदावर सही करणारा माणूस, सही करायच्या आधी बायकोकडे पाहतोय. मी वेस्ताच्या पायाकडे पाहिलं. ह्याच पायांनी तो घाट उतरला होता.

मी म्हटलं, "बांधलं ना हौसेनं? आता राहू द्या कमरेला."

वेस्तानं मान खाली घातली. पुजाऱ्याला मी एकच विचारलं, "हात चालत नाही ते समजलं. जीभ चालते का?" त्यानं विचार केला आणि म्हणाला, जिभेचं कोणी कधी विचारलं नाही, चालत असावी.

आता पुढचं सांगते ते बायकांनी नीट वाचावं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना चुलीपाशी पहिल्यांदा पाहिलं. मी चार हात लांब दगडावर बसले, हे चुलीसमोर. पहिल्या दिवशी जाळ पेटेना. फुंकून फुंकून मिशीला राख. पीठ मळलं तर त्यात बोटं अडकली, मग पाणी ओतलं, मग पीठ, मग पाणी. शेवटी पाड्याला पुरेल एवढा गोळा झाला.

"थापा," मी म्हटलं.

"किती जाड?"

"अंगठ्याएवढी नको."

"म्हणजे किती? नीट सांग ना."

"तुम्ही तालुका मोजला, भाकरी मोजता येत नाही?"

भाकरी झाली ती अक्राणी महालाच्या नकाशासारखी, एका बाजूनं नर्मदा, एका बाजूनं घाट, मध्ये भोक. पाड्यातल्या बायका रोज जमायच्या पाहायला. रुमली म्हणायची, "बाई, हसवू नका, मूल अंगावर पितंय." मीठ-मिरचीसोबत हे ती खायचे आणि म्हणायचे, बरी झाली. तिसऱ्या दिवशी कडा जुळायला लागल्या. चौथ्या दिवशी मला न विचारता तवा उतरवला. मला जरा बरं वाटलं नाही. माणूस इतक्या लवकर शिकत असेल तर बेचाळीस वर्षं मी काय करत होते?

मला मात्र चंगळ. रुमली मक्याची भाकर, उडदाची डाळ, आमचूर घालून, असं रोज वाढायची. वेस्ताच्या खाटेवर मी झोपायचे, हे खाली जमिनीवर. मोहाची दारू मला दिली, मी वास घेऊन परत केली. ज्यांना चालते त्यांनी एक वाटी घ्यावी, दोन नको.

दिवसा वेस्ता बसल्या जागी ढोलावर ह्यांना पावलं शिकवायचा. हे मोजून नाचायचे. एक, दोन, तीन, वळा. वेस्ता म्हणायचा, "साहेब, मोजू नका, ढोल मोजतो आहे." बावीस वर्षं ह्यांनी त्याला सांगितलं, साखळी ताणून धर. आता तो ह्यांना सांगत होता, ढिलं सोडा. अनवाणी पायांना खडे टोचायचे, म्हणून उड्या आपोआप बऱ्या पडायच्या.

होळीच्या दिवशी ह्यांच्या अंगावर राखेचे पांढरे ठिपके काढले, डोक्यावर मोरपिसांचा टोप. मी चार हातांवरून पाहिलं आणि म्हटलं, लग्नात असे दिसले असते तर मी मंडपातून पळाले असते. हे म्हणाले, "पळून कुठं गेली असतीस?" म्हटलं, अक्राणीला.

रात्रीचं मला विचारू नका, मी घोंगडी घेऊन झोपले. तांबडं फुटताना रुमलीनं हलवलं. होळी पेटली होती, फेरे सुरू होते. बाया कमरेत हात घालून ओळीनं नाचत होत्या. हे ओळखू आले ते घुंगरांनी, सगळ्यांची एका ठेक्यात आणि ह्यांची अर्धं पाऊल मागे. तिसरा फेरा झाला. चौथ्यात ह्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. टोप पुढे आला. गुडघे वाकत चालले. वेस्ता खाटेवर बसून ढोल वाजवत होता, त्याचा हात थांबला नाही, पण डोळे मिटले.

हात लावता येत नव्हता. जीभ चालत होती.

मी रुमलीच्या ओळीत शिरले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला, तिच्या कमरेत हात घातला आणि नाचायला लागले. पावलं येत नव्हती, पण लाज चार दिवसांपूर्वीच सरली होती. ह्यांच्या समोर आले तेव्हा मोठ्यानं म्हटलं, "काय मोजणीदार, बसताय? बसा. ओट्यावर माळ ठेवली आहे. एकशे बारा पावलं जायला, एकशे चौदा यायला."

ह्यांनी मान वर केली. बांध कोरणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. आणि उभे राहिले. चौथा फेरा माझ्यावरच्या रागानं झाला. पाचव्यात राग नव्हता. पाचव्यात घुंगरं सगळ्यांच्या सोबत वाजली. ह्यांचे ओठ हलत नव्हते, म्हणजे मोजत नव्हते.

दिवस वर आल्यावर नदीत अंघोळ झाली. पट्टा वेस्तानं स्वतःच्या हातानं सोडला. त्याचा मुलगा, चांगला दांडगा, ह्यांच्या पाया पडला. वेस्तानं खांबाला पट्टा परत टांगला आणि कामट्यांतला पाय खाजवत बसला, पण त्या दिवशी त्यानं तीन भाकरी खाल्ल्या, त्याआधी अर्धी खायचा.

परत येताना प्रकाशाला उखानं आम्हाला पाहिलं. ह्यांचे तळवे बघण्यासारखे झाले होते. "आज बी कोठेच नही?" म्हणाला. आम्ही बसलो. मधल्या डोहात ह्यांनी पाय पाण्यात सोडले, मग मी ते मांडीवर घेऊन सुईनं काटे काढले. अकरा निघाले. ह्यांनी नाही, मी मोजले.

घरी आलो. मुलानं विचारलं, "काय देखं?" हे म्हणाले, "होळी." एवढंच.

जायचं असेल तर होळीच्या पाच दिवस आधी जा, गोधडी न्या, आणि पाड्यावर कोणाच्या खांबाला काही टांगलेलं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. की लावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पाटावर बसले आणि सवयीनं म्हणाले, "वाढ." सून उठायला लागली. मी तिला खाली बसवलं आणि म्हटलं, "माझा हात चालत नाही. जीभ चालते. उठा."

हे उठले. भाकरी गोल झाली. मी त्यांना तसं सांगितलं नाही.