अंजनीकाकींचं वाफेचं मशीन

शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगीत डॉक्टरांनी कुणाच्या पोराला वाफ सांगितली की पहिली हाक अंजनीकाकींना. नात अक्षदासाठी घेतलेलं नेब्युलायझरचं मशीन त्या मागितल्याबरोबर पोचवायच्या. पोरं बदलायची, मास्क मात्र तोच. वर काकींना स्वच्छतेचा भारी सोस! मशीन परत आलं की औषधाची वाटी आणि मास्क नळाखाली खळखळून धुवायच्या आणि धूळ बसू नये म्हणून ओलेच फडक्यात गुंडाळून डब्यात घट्ट बंद करायच्या. आम्हीही शहाणे, कौतुकच करायचो.

तिसऱ्या मजल्यावरच्या करिष्माचा सोनू त्याच मशीनवर होता. दम कमी झाला, पण ताप चढला. न्यूमोनिया निघाला. काकी दवाखान्यात चहा घेऊन गेल्या तेव्हा करिष्मा औषधं आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी काकींनाच विचारलं, "घरचं मशीन कसं ठेवता?" काकींनी हौसेनं सगळं सांगितलं.

"ओलंच बंद करता? अहो, त्यात जंतू वाढतात. वाफेबरोबर थेट छातीत जातात. तपासायला आणून द्या, आणि तोवर कुणाला देऊ नका."

काकींनी चहा तसाच ठेवला. ओलं फडकं, बंद डबा. मटकीला मोड आणायला त्या हेच तर करत होत्या. आणि निघताना मशीन शेजारच्या मीनलकडे देऊन आल्या होत्या, तिच्या अनुयासाठी.

मीनल फोन उचलेना. मशीनच्या घरघरीत तिला ऐकू तरी काय येणार? रिक्षा बाजारात अडकली, तशा काकी उतरून पळत सुटल्या. मी बिल्डिंगीच्या गेटवर होते. त्यांचा चेहरा बघून घाबरले आणि मागोमाग जिना चढले.

मीनलच्या मांडीवर अनुया, तोंडावर मास्क, वाफ नुकतीच सुरू झालेली. काकींनी मास्क ओढून काढला. पोर किंचाळलं.

"काकी, वेड लागलंय का तुम्हाला?"

"नको गं! घाण हाय त्यात. माझ्याच हातची. सोनूला त्यानंच झालं असंल."

मीनलनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि तशीच डॉक्टरकडे निघाली. मला काकींचा संताप आला, आणि तेवढीच कीवही.

संध्याकाळी मशीन पिशवीत घालून आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. सोनू नाकाला नळी लावून पडला होता. करिष्मानं काकींचे दोन्ही हात धरले.

"काकी, तुमचं मशीन होतं म्हणून माझा सोनू इथवर टिकला."

काकींनी हात सोडवून घेतले.

"आधी ऐक, पोरी. मग धरायचे तर धर."