सर्ज्याचा पट्टा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी हळूच चहा सांगायला उठतो. चिखलीला माझं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. बॅटरी नाही तर काही चालत नाही, एवढंच आपलं तत्त्वज्ञान... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच गंमत वाटतेय.

अमडापूरजवळ आमचं गाव. बाबांना दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. चालत सुटतात आणि परतीची वाट विसरतात. शेताकडे मोबाईलला रेंज नाही, म्हणून मी बिनसिमच्या जीपीएस ट्रॅकरचा पट्टा मागवला. पट्टा रेडिओवरून आपली जागा कळवतो, हातातल्या रिसीव्हरवर बाण आणि अंतर दिसतं. बाबा भडकलेच.

"मले ढोर समजला का बे? बांध त्या सर्ज्याच्या गळ्यात!"

बांधला. आमच्या या बैलाशिवाय बाबा कुठे जातच नाहीत, त्यामुळे माझं काम झालं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात बायकोचा फोन आला. "अहो, बाबा दिसून नाही राह्यले. सारं गाव पाह्यलं!"

गाडी काढली. गावाच्या फाट्यावर रिसीव्हर सुरू करून अँटेना उभी धरली. मिनिटभर काहीच नाही... मग बीप. बाण उजवीकडे, अंतर आठशे मीटर. सोयाबीनमधून धावत सुटलो. चारशे... शंभर... वीस. समोर कठडा नसलेली, तुडुंब भरलेली विहीर — आणि काठावर पाय सोडून बसलेले बाबा! मागून जाऊन त्यांचा दंड घट्ट धरला.

"किती वेळ लावला बे," बाबा शांतपणे म्हणाले. "उठाले गेलो का सर्ज्या आडवा येऊन राह्यला."

सर्ज्या तिथे कुठेच नव्हता.

घरी आलो तर तो गोठ्यात, न्हाऊन चकचकीत.

"हा कधी आला?" मी विचारलं.

"तो कुठी गेला होता?" बायको म्हणाली. "सकाळपासून इथंच बांधेल हाय. आज खांदशेकणी नाही काय!"

त्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, अंगावरचं सगळं उतरवतात. पट्टा सकाळी मीच सोडला होता, धावपळीत ते साफ विसरलो होतो. तो गोठ्यातच खुंटीला होता. आणि त्यातले सेल? शर्टाच्या खिशात हात घातला. दुकानात चार्ज करायला काढलेले दोन्ही सेल तिथेच, विसरलेले.

बाबांचं बोलणं मी सोडून देतो, त्यांना हल्ली काहीही दिसतं. पण बाण? रिसीव्हर फक्त आमच्याच पट्ट्याला जोडलेला आहे. आधीची जागा साठवलेली असेल म्हणावं, तर त्या विहिरीकडे सर्ज्या कधी गेलेला नाही. विकणाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "साहेब, सेलशिवाय शक्यच नाही." हेच मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो!

त्यानंतर पट्ट्यातले सेल काढून मी कितीदा तरी रिसीव्हर लावून पाहिला. स्क्रीन कोरी. एकदाही बाण आला नाही.

मात्र तेव्हा दर वेळी बाबा ओसरीवर माझ्यासमोर बसलेले असतात. ते हरवलेले असताना हा प्रयोग करून बघायची माझी हिंमत नाही. पट्ट्यात चार्ज केलेले सेल आता रोज सकाळी मी स्वतः घालतो... आणि सर्ज्याच्या पाठीवरून हात फिरवून मगच दुकानाला निघतो.