हवा सोडणारा माणूस

म्हसावदच्या त्या पंक्चरवाल्याचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

सायकलवर म्हसावदहून सातपुड्यातल्या कच्च्या वाटेने तोरणमाळ गाठायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, असा माझा बेत होता. आदल्या दिवशी हवा भरायला त्याच्याकडे गेलो. त्याने अंगठ्याने चाक दाबलं आणि भरायची सोडून थोडी हवा काढूनच टाकली. "कडक चाक दगडवर उडस," एवढंच म्हणाला. मी हौसेने माझं वेळापत्रक दाखवलं. त्याने कागद लांब धरून सावकाश वाचला. त्यात पोचायची वेळ होती, चहाची होती, फोटोंचीसुद्धा होती.

"मांगे कितला वाजता फिरशी?"

मागे फिरायची वेळ मी लिहिलीच नव्हती. परतीला उतारच तर आहे, म्हणालो.

"उतार बी रस्ताच शे, भाऊ. त्याले बी येळ लागस. बारा वाजनात का फिर, जठे व्हशी तठून."

दुसऱ्या दिवशी बारा वाजले तेव्हा शेवटचा चढ समोर दिसत होता. चडफडत तिथूनच फिरलो. उतारावर दोनदा पडलो, ब्रेक दाबून दाबून बोटं आखडली. गावात शिरलो तेव्हा दिवस मावळत होता. त्याची हत्यारं पेटीत भरून झाली होती, तरी तो दुकानाच्या पायरीवर बसून होता.

तोरणमाळला पोचलो का, हे त्याने विचारलं नाही. अंगठ्याने माझं चाक दाबून पाहिलं, मान हलवली आणि मग दुकानाला कुलूप लावून घरी गेला.