शकूताईंच्या नळाचं मिनिट

सकाळी सातला फोन वाजला की 'हॅलो'सुद्धा न म्हणता तो थेट रेडिओवर सोडायचा, ही माझी जुनी सवय. त्या दिवशीही मी तेच केलं. पण पलीकडे नळाचा आवाज नव्हता, शकूताईंची सून होती. "काका... आई गेल्या," ती म्हणाली. हुडकेश्वर, बेसा, जिथवर आमचा रेडिओ पोहोचतो तिथवर सगळ्यांनी ते माझ्याबरोबरच ऐकलं.

आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणजे एका संस्थेच्या इमारतीतल्या दोन खोल्या आणि गच्चीवरचा खांब. मी निवृत्त कारकून, तिथं यंत्र सांभाळतो. शकूताई निवृत्त अंगणवाडीसेविका, बोलायचं काम त्यांचं. अशा केंद्रांनी स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत, असा सरकारी नियम आहे. गल्लीत काय घडलं ते गल्लीच्या रेडिओनं सांगायचं नाही! मला याचा अजून संताप येतो. ताईंनी संतापण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी आपल्या अंगणातल्या नळासमोर फोन धरला आणि तोटी सोडली. रोज सातला एक मिनिट, नुसता नळ. धार ऐकू आली की वस्ती भांडी घेऊन उठायची, नाही आली तर आपापल्या कामाला लागायची.

नळ पहिल्यांदा कोरडा निघाला तेव्हा मी घाबरलो. रेडिओत शांतता म्हणजे महापाप, म्हणून घाईघाईनं गाणं लावलं. थोड्या वेळानं ताई तरातरा केंद्रात आल्या.

"काहून गा भाऊ, गाणं काहून लावलं? पाणी नाही, हे लोकायले कळू दे ना! बाया बकेटा मांडून वाट पाहून राहिल्या तिकडं!"

त्यानंतर कोरडं मिनिट कोरडंच गेलं. लागोपाठ चार दिवस गेलं, तेव्हा पाणीपुरवठ्याचे एक साहेब तणतणत आले. ताईंनी त्यांना चहा पाजला. "साहेब, मी एक शब्द तरी बोलली का? नळ तुमचाच हाय, त्याले विचारा." साहेब चहा अर्धा टाकून गेले. पाचव्या दिवशी पाणी आलं.

ताई गेल्या आणि तेराव्याच्या आतच संस्थेच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. मृत्यूची बातमी प्रसारित कशी झाली, याचा खुलासा हवा होता. शिवाय सातच्या वेळेला आता बाहेरून आलेले तयार कार्यक्रम लावायचे म्हणे. "रेडिओ ऐकतं कोण हल्ली?" असंही त्यांनी विचारलं. कोण ऐकतं? त्या सकाळी नातेवाइकांना फोन जायच्या आत अख्खी वस्ती ताईंच्या दारात उभी होती. कुणी बसायला चटया आणल्या, कुणी सुनेला धरून बसलं. मी खुलाशात एवढंच लिहिलं, आणि खाली लिहिलं की तयार कार्यक्रम लावायचा असेल तर आधी मला काढा.

अजून काढलेलं नाही. 'फोन आधी ऐकावा, मगच सोडावा' असा लेखी आदेश मात्र माझ्या समोरच्या भिंतीवर चिकटवला आहे. ताईंची फार आठवण येते, विशेषतः सव्वासातला, नळाचं मिनिट उरकून त्या केंद्रात यायच्या त्या वेळी... त्यांच्या चपलांचा आवाज, ते "भाऊ, यंत्र लावलं का गा?"

आता सून नळासमोर फोन धरते. काल सातला तो वाजला. मी भिंतीकडे पाहिलं आणि न ऐकताच सोडला.

नळ कोरडा होता. मी पूर्ण मिनिट जाऊ दिलं.