आईच्या दारातली रांगोळी

आज सकाळचीच गोष्ट आहे, मंडळी.

आई चार दिवसांपासून दवाखान्यात आहे. मी दिवसभर तिच्यापाशीच असते. "दारात रांगोळी काढून येत जा, नाहीतर घर बंद आहे हे चोराले समजते," हेच तिचं चालू. अमरावतीहून रायपूरले येऊन तीस वर्षं झाली, भीती काही गेली नाही.

आज मी रांगोळी काढली, वाकडीतिकडी. समोरची साहू दीदी आली. "आंटी घर में नहीं हैं क्या?"

"अंदर सो रही हैं," मी खोटं बोलली.

दीदीनं रांगोळीकडे पाह्यलं. मंग खाली बसली, माझं फूल पुसलं अन् हुबेहूब आईसारखं कमळ काढून दिलं.

तीस वर्षांत आईनं तिले एकदाही घरात बोलावलं नाही. आज मीही नाही बोलावलं. काहून, सांगा बरं?