सोयरिकीआधी टोचलेलं नाक

सुरतेच्या गाडीत बसले तेव्हा माझं नाक अजून लाल होतं. नंदुरबार स्टेशनवर मिरचीच्या पोत्यांआड आई उभी होती, डोळ्यांना पदर लावून. मिरची झोंबते म्हणाली. बापू आलेच नाहीत. परत घरात घेणार नाही, एवढं बजावून ते सकाळीच शेतात निघून गेले होते.

गावाकडच्या पोरींनो, तुमच्या आयांनी या गोष्टीला पार तिखटमीठ लावलंय, म्हणून मीच सांगते. आमच्या घरात पोरीचं नाक टोचायचं ते सोयरीक पक्की झाल्यावर, सासरच्या फुलीसाठी, म्हणजे चमकीसाठी. टोचलेलं नाक दिसलं की पोरगी दिलेली समजायची. मी सोळा वर्षांची, दहावी पास, आणि मला नर्सिंग शिकायचं होतं. बापूंनी सारंगखेड्याचे पाहुणे बोलावले. आदल्या दिवशी मी तापीकाठी बसले, बाभळीचा काटा घेतला आणि नाक स्वतःच टोचलं. भोकात कडुनिंबाची काडी खुपसली. दुसऱ्या दिवशी माझं तोंड बघून पाहुणे चहासुद्धा न घेता उठले.

काय ती हिंमत आणि काय तो गाढवपणा! सूज डोळ्यापर्यंत चढली, तापाने मी बडबडायला लागले. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली. मग गावभर एकच चर्चा, हिला आधी कुणाला दिली होती? स्थळं यायची थांबली. तेव्हा मला ठेवून घेऊन नर्सिंगला घालावं, असा आईनेच सुरतेच्या मामाकडे शब्द टाकला.

आता मी वॉर्डात इंजेक्शनं देते, भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते, पोळीला रोटलीच म्हणते. धनुर्वाताने दातखीळ बसलेल्या तुमच्या वयाच्या पोरी या हातांनी धरल्यात. बायांनो, काटा उचलू नका, तोंड उघडा. नाहीच कुणी ऐकलं तर सरळ माझ्याकडे या. खोली लहान आहे, पण मी कुणाला बाहेर ठेवणार नाही.

पहिल्या सुटीत गावी गेले तेव्हा दारातच पाय अडला. बापू ओसरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. पिठाच्या हातांनी आई बाहेर आली आणि त्यांच्यादेखत म्हणाली, "नाक तुन्हं व्हतं, तू टोचं. घर मन्हं शे. मझार ये."

मी बापूंपुढून आत गेले. अजूनही तशीच जाते, कुणाला न विचारता.