चुडाव्याचा हुरडा आणि माझा वेगळा तांब्या

हुरडा खायला चुडाव्याला जाऊ, असं वत्सला म्हणाली तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी परभणीत शिक्षिका होते. मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या होत्या आणि मुंबईच्या दवाखान्यात जाऊन केमोथेरपीची इंजेक्शनं घेत होते. घरात त्या आजाराचं कुणी नाव घेत नसे, आणि शेजारीण माझ्याकडचा चहा नको म्हणायला लागली होती. पुढच्या इंजेक्शनांना जायचंच नाही, असं मी गुपचूप ठरवून टाकलं होतं. या दोघींना ते कळलं असणार आणि ही निरोपाची सहल असणार, अशी माझी खात्री झाली.

दोघी म्हणजे वत्सला आणि कमल, माझ्याच शाळेतल्या. चुडावा वत्सलाचं माहेर.

सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. तेव्हा कोळशाचं इंजिन होतं, खिडकीत बसलं की डोळ्यांत कण जायचे आणि धुरानं मला मळमळायचं. कमलनं न विचारता लिंबू कापून हातात दिलं. हिला कुणीतरी शिकवून पाठवलंय, असं लगेच माझ्या मनात आलं. पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली. त्यांनी फलाटावरची गरम भजी घेतली, मी नुसता वास घेतला.

चुडाव्याच्या स्टेशनावरून बैलगाडीनं शेतात गेलो. जाणार असाल तर थंडीतच जा, ज्वारीचा दाणा दुधात असतो तेव्हा. डोक्याच्या वर ज्वारी, बांधाला काटेरी करडई आणि कुठूनतरी गोफणीचा आवाज. कितीतरी दिवसांनी औषधाचा वास नसलेली हवा छातीत गेली आणि मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. तेवढ्यात वाऱ्यानं पदर उडाला. डोक्यावर विरळ केस राहिले होते. तिघींपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही. न पाहायचं आधीच ठरलं असणार, हे मी ओळखलं.

तिसरी वत्सलाची आई. तिनं खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी केली होती. कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि दाणे शेजारच्याच्या ओंजळीत टाकायचे, अशी तिथली रीत. सोबत कारळाची चटणी आणि गूळ. कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडाला चव आली.

पाणी मागितलं तर वत्सलानं सगळ्यांच्या घागरीतलं दिलं नाही. पिशवीतून एक झाकलेला तांब्या काढला. "तू ह्यातलं पी," एवढंच म्हणाली.

आम्ही बौद्ध. वेगळ्या भांड्यातलं पाणी माझ्या आईनं आयुष्यभर प्यायलं होतं. मग मी नीट बघायला लागले. वत्सला सगळ्यांना दाणे चोळून देत होती, पण स्वतः एकही तोंडात टाकत नव्हती. ती बांधाकडे तोंड करून घरची भाकरी खात होती. मी मुद्दाम एक कणीस चोळलं आणि ओंजळ तिच्यापुढं धरली. तिनं हात मागं घेतला.

"कशाला भ्यालीस गं? माझ्या आजाराला का माझ्या जातीला?" मी विचारलं.

कमल म्हणाली, "पाणी मी उकळून आणलंय. या औषधात साधं पाणी बाधतं म्हणून कंपाउंडरनं सांगितलं."

"आणि हुरडा?"

वत्सलानं आणखी एक कणीस चोळायला घेतलं. शेवटी तिची आईच म्हणाली, "पोखर्णीच्या नरसिंहाला बोललीय ती. तू बरी होईस्तोवर हुरडा तोंडात घालणार न्हाई म्हून. लहानपणापासून लय आवडतो तिला."

मला लाज वाटली आणि राग तर त्याहून जास्त आला. "मी देव मानत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"तू नको मानू," वत्सला म्हणाली. "हुरडा मी सोडलाय. आन् तू मुंबईला जायचं टाळायलीस, ते कळतंय आमाला."

घरी आल्यावर मला चैन पडेना. माझं मरण मी माझ्यापुरतं ठरवलं होतं, त्यात या बाईनं आपला हुरडा आणून ठेवला. मी मुंबईची पिशवी भरली. इंजेक्शनं घेतली, ओकले, पुन्हा घेतली. मधल्या वर्षीचे हुरड्याचे दिवस तिनं कोरडेच काढले.

डॉक्टरांनी अखेर गाठी गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी वत्सलाला घेऊन पोखर्णीला गेले. ती आत गेली, मी बाहेर झाडाखाली तिच्या चपला सांभाळत बसले. हुरड्याचेच दिवस होते. घरी येऊन शेगडीवर कणसं भाजली, दाणे चोळले आणि तिच्यापुढं ओंजळ धरली.

तिनं दाणे घेतले नाहीत. माझ्या मानेवरून बोटं फिरवून गाठी उरल्यात का ते चाचपलं, मग माझ्या डोळ्यांत बघत विचारलं, "खरं सांग. मी हुरडा खावा म्हून खोटं बोलायलीस का?"

संशय घेणं ती माझ्याकडूनच शिकली असावी. मी डॉक्टरांचा शब्द न् शब्द पुन्हा सांगितला. मग तिनं माझ्या ओंजळीतूनच खाल्लं, आणि दुसरं कणीस चोळायला सांगितलं.